परडीपासून दाखल्यापर्यंत : लिंगओळख म्हणजे नेमकं काय?

कॉलेजचा प्रवेश अर्ज असो, आधार असो की पोलीस भरती, हल्ली कुठलाही फॉर्म उघडला की 'पुरुष' आणि 'स्त्री' यांच्या पुढं तिसरा रकाना दिसतो. २०२७ च्या जनगणनेची तयारी सुरू आहे, तेव्हा हा प्रश्न लवकरच घरोघरी विचारला जाईल. जनगणनेत तो रकाना पहिल्यांदा २०११ साली आला. तेव्हा 'इतर' म्हणून देशभरात ४,८७,८०३ माणसं नोंदवली गेली, त्यातली महाराष्ट्रात ४०,८९१. हा आकडा किमान समजायचा. प्रगणक दारात येतो तेव्हा उत्तर बहुधा कुटुंबप्रमुख देतो, आणि बाप उंबऱ्यात उभा राहून, शेजारीपाजारी ऐकत असताना, आपल्या पोराबद्दल 'इतर' म्हणून सांगेल असं धरून चालणं भाबडेपणाचं आहे.

कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या वडीलधाऱ्यांचं याबद्दलचं मत ठरलेलं असतं : "आमच्या वेळंला असलं काय नव्हतं बघा. मोबाईल आला आणि हे आलं." त्यांच्या नातवंडांना इंग्रजी शब्द पाठ असतात, पण त्यांचे अर्थ आजोबांना मराठीत सांगता येत नाहीत. हा लेख दोघांसाठी आहे.

आधी चार गोष्टी सुट्या करू

बहुतेक वाद चार वेगवेगळ्या गोष्टी एकच समजल्यामुळं होतात. पहिली गोष्ट शरीर. बाळ जन्मलं की डॉक्टर किंवा सुईण बघून सांगते, ते लिंग. दुसरी, लिंगओळख, म्हणजे माणूस स्वतःला मनातून पुरुष समजतो, स्त्री समजतो की आणखी काही. तिसरी राहणी : कपडे, केस, चाल, बोलणं. चौथी लैंगिक कल, म्हणजे आकर्षण आणि प्रेम कुणाबद्दल वाटतं ते.

तुमच्या-माझ्यासारख्या बहुतेकांची पहिली आणि दुसरी गोष्ट जुळलेली असते. त्यामुळं आयुष्यात त्याचा विचार करायची वेळच येत नाही. ज्यांची जुळत नाही त्यांना पारलिंगी किंवा ट्रान्सजेंडर म्हणतात. जन्मनोंद मुलाची पण ओळख बाईची असेल तर ट्रान्स स्त्री, उलट असेल तर ट्रान्स पुरुष. दोन्हींपैकी कशातच स्वतःला न बसवणारे नॉनबायनरी. सरकारी कागदावर आणि वर्तमानपत्रात या सगळ्यांना मिळून 'तृतीयपंथी' लिहितात. हिजडा किंवा किन्नर हा मात्र गुरू-चेला परंपरा आणि घराणी असलेला एक समाज आहे. प्रत्येक ट्रान्स माणूस त्या समाजात जातो असं नाही. एखादा ट्रान्स पुरुष शिरोलीच्या एमआयडीसीत लेथवर काम करत असेल, आणि शेजारच्या मशीनवरच्याला त्याचा पत्ताही नसेल.

राहणीवरून ओळख ठरत नाही, हे कोल्हापूरला शिकवायला नको. ज्यांचं नाव आपल्या नाट्यगृहाला आहे ते केशवराव भोसले लहान वयात स्त्रीभूमिकांनीच गाजले. बालगंधर्वांची लुगडी नेसायची ढब बघून त्या काळच्या घरंदाज बायका तशा नेसू लागल्या. म्हणून रंग उतरवल्यावर बालगंधर्व स्वतःला बाई म्हणवत होते का? नाही. आणि आपल्या गावात तर बायाच "मी आलो, मी जेवलो" म्हणतात. पुण्याची सून पहिले सहा महिने चक्रावते, पण त्यावरून सासूबाईंच्या बाईपणाबद्दल शंका घेतल्याचं ऐकिवात नाही.

चौथ्या गोष्टीचा गोंधळ सगळ्यात जास्त. पुरुषावर प्रेम करणारा पुरुष हा पुरुषच असतो, त्याला बाई व्हायचं असतं असं नाही. सर्वोच्च न्यायालयाचा ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल, ज्यानं प्रौढांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना कलम ३७७ मधून बाहेर काढलं, तो या चौथ्या गोष्टीचा. पारलिंगी माणसांच्या ओळखीचा मोठा निकाल त्याआधीच, १५ एप्रिल २०१४ ला आला होता. बातम्यांत दोन्ही एकाच मथळ्याखाली येतात, आणि वाचणारा म्हणतो, सगळं एकच की.

सातबाऱ्यावरची नोंद

आता दुसऱ्या गोष्टीकडं, ओळखीकडं येऊ. यासाठी सातबारा डोळ्यासमोर आणा. जन्मदाखल्यावरची 'मुलगा' किंवा 'मुलगी' ही नोंद सातबाऱ्यावरच्या नोंदीसारखी असते. कुणीतरी त्या दिवशी जे दिसलं त्यावरून, वाईट हेतू न ठेवता ती केलेली असते आणि बहुतेक वेळा ती बरोबरही असते. महसुली कायदा अशी नोंद खरीच धरतो, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. आणि करवीर-पन्हाळ्यात कुठल्याही गावच्या चावडीत जाऊन विचारा, नोंद एकाच्या नावावर आणि पिढ्यान् पिढ्या वहिवाट दुसऱ्याची, असे किती गट निघतील ते. तिथं आपण वहिवाटदाराला खोटारडा म्हणत नाही. म्हणतो, फेरफार घालायचा राहिलाय.

लिंगओळख ही त्या वहिवाटीसारखी. बांधावर उभं राहून परक्याला ती दिसत नाही, पण रोज जो कसतो त्याला ठाऊक असते. नोंद आणि वहिवाट जुळत नसली की प्रत्येक व्यवहार अडतो : शाळेचा दाखला, बँक, नोकरी, पासपोर्ट, लग्न. ट्रान्स माणसं जी मागणी करतात ती मुळात फेरफाराची आहे. भांडण आहे ते, फेरफार माणसाच्या जबाबावर घालायचा की आधी मोजणी मागायची, यावर. ते पुढं येईलच. सातबाऱ्याची उपमा एका जागी मात्र तोकडी पडते. जमिनीला स्वतःचं म्हणणं नसतं, माणसाला असतं.

शरीरं तरी दोनच प्रकारची ना?

बहुतेक वेळा, हो. पण तीही वाटते तितक्या सरळ रीतीनं घडत नाहीत. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत मुलगा-मुलगी दोघांचीही जननेंद्रियांची सुरुवातीची रचना सारखीच असते. मग वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय नावाचं जनुक (ते १९९० मध्ये सापडलं) वृषणं बनवायला लावतं, वृषणातून संप्रेरकं (हार्मोन) सुटतात, आणि शरीराच्या पेशी त्या संप्रेरकांना दाद देतात. तेव्हा कुठं मुलग्याचं शरीर तयार होतं. यातली कुठलीही पायरी वेगळी पडू शकते. काही मुलींची गुणसूत्रं एक्सवाय असतात, पण त्यांचं शरीर त्या संप्रेरकाला दाद देत नाही. त्या मुली म्हणूनच जन्मतात, वाढतात, आणि पाळी का येत नाही म्हणून तपासायला गेल्यावर हे कळतं.

अशा शारीरिक वेगळेपणाला आंतरलिंगी म्हणतात. पारलिंगी आणि आंतरलिंगी ही गल्लत मात्र करू नये. पहिली बाब ओळखीची, दुसरी शरीराची. बहुतेक ट्रान्स माणसांची शरीरं तपासणीत अगदी नेहमीसारखी निघतात. म्हणूनच "टेस्ट करून बघा की मग" हा उपाय चालत नाही. ओळख दाखवणारी रक्ताची चाचणी नाही आणि मेंदूचा फोटोही नाही. आंतरलिंगी बाळांचा प्रश्न वेगळा आहे : बाळाच्या जिवाला धोका नसतानाही, केवळ दिसायला 'नीट' व्हावं म्हणून शस्त्रक्रिया उरकल्या जातात. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तमिळनाडूनं त्यांवर बंदी घातली.

हे परदेशी खूळ आहे का?

या प्रश्नावर कोल्हापूरकरानं तरी खरं म्हणजे हसायला हवं. दर मार्गशीर्षात इथून एसट्यांच्या एसट्या भरून माणसं सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जातात. परत आल्यावर ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा भरते. आंबील-घुगऱ्या, वांग्याची भाजी, भाकरी, भंडाऱ्यानं पिवळे झालेले रस्ते, चौंडक्याचा आवाज, "उदं गं आई उदं". या गर्दीत डोक्यावर जग, म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली टोपली, घेतलेले, हिरवं लुगडं नेसलेले, गळ्यात मोती आणि कवड्यांची माळ घातलेले जोगते, म्हणजे यल्लम्माला सोडलेले पुरुष, कुणी पाहिले नाहीत? सगळेच जोगते लुगडं नेसत नाहीत. पण पुरुषाच्या नोंदीनं जन्मलेलं आणि बाईच्या वेशात, बाईच्या नावानं आयुष्य काढणारं माणूस या भागातल्या आज्ज्यांना अजिबात नवीन नाही. मंगळवार-शुक्रवारी त्यांच्या परडीत पीठ-मीठ घालून त्यांच्या पाया पडणारी आजीच नातवाला सांगते, "असलं काय नव्हतं आमच्या वेळंला."

खूळ परदेशातून आलंच असेल तर ते उलट्या बाजूनं आलं. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्याचा एक भाग हिजड्यांसाठी होता. उत्तरेकडच्या प्रांतांत त्यांची पोलिसांकडं यादी ठेवली जाई, आणि यादीतलं माणूस बाईच्या वेशात रस्त्यावर दिसलं किंवा नाचलं तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. कोल्हापूर संस्थान होतं, इथं तो कायदा नव्हता. पण साडी नेसलेला पुरुष म्हणजे गुन्हेगार, ही नजर हळूहळू देशभर पसरली आणि अजून पोलीस चौकीपर्यंत टिकून आहे.

पण म्हणून आपली परंपरा किती उदार, असा जयघोष करायलाही मी तयार नाही. जोगत्याला मान होता तो देवीमुळं. घरच्यांनी, गुरवानं, गुरूनं ठरवायचं की या पोराला देवी लागली, केसात जट आली, आता याला देवीला सोडावं. त्याचं स्वतःचं म्हणणं काय, हे विचारायची पद्धत नव्हती. कित्येक मुली आणि मुलगे असे न कळत्या वयात सोडले गेले. राजर्षी शाहू महाराजांना १९२० मध्ये जोगत्या-मुरळी प्रथेविरुद्ध कायदा करावा लागला तो काही उगाच नाही. शिवाय त्या मानाला एकच जागा होती. यात्रेत पाया पडायचं, पण भाड्यानं खोली द्यायची नाही. लग्नात बोलवायचं, पण पंगतीत शेजारी बसवायचं नाही. आणि ज्यांची जन्मनोंद मुलीची होती पण जे स्वतःला पुरुष समजत, त्यांना तर परडीसुद्धा मिळाली नाही. त्यांची लग्नं लावून दिली, विषय संपला. ते आज पहिल्यांदा दिसू लागलेत, म्हणून ते नवीन वाटतात.

मग बदललं काय?

माणसं जुनीच आहेत. ती कोण आहेत हे सांगण्याचा अधिकार कुणाचा, हे बदललं. पूर्वी देवी, गुरू आणि गाव सांगत. आता माणूस स्वतः सांगतो आणि सरकारनं ते नोंदवून घ्यावं अशी अपेक्षा करतो. तो मागतोय त्याही गोष्टी वेगळ्या आहेत. आशीर्वाद देण्याचा मान नको, रेशनकार्ड हवं.

२०१४ चा निकाल याच वळणावरचा. न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि सिक्री यांच्या खंडपीठानं सांगितलं की आपली लिंगओळख ठरवणं हा माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. मागास वर्ग म्हणून शिक्षण-नोकरीत आरक्षण द्यावं, असंही त्यात होतं. ते बहुतेक राज्यांत कागदावरच राहिलं. शेजारच्या कर्नाटकानं २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण दिलं.

मग ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा आला. तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्यातली व्याख्या वाचताना कोल्हापूरकरानं थबकावं, कारण किन्नर, हिजडा, अरवाणी यांच्या रांगेत 'जोगता' नाव घेऊन लिहिलेला आहे. सौंदत्तीच्या वाटेवरचा माणूस संसदेच्या कायद्यात पोचला. या कायद्यानं आणि पाठोपाठच्या नियमांनी घालून दिलेली रीत अशी होती : जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यायचं, शारीरिक तपासणी न करता ओळखपत्र मिळायचं, आणि त्याच्या आधारे जन्मदाखल्यासह सगळ्या कागदांवर नाव बदलता यायचं. 'ट्रान्सजेंडर'ऐवजी थेट 'स्त्री' किंवा 'पुरुष' अशी नोंद हवी असेल तर मात्र शस्त्रक्रियेचा वैद्यकीय दाखला मागितला. म्हणजे पहिला फेरफार जबाबावर, दुसरा मोजणीवर. ही दुसरी अट २०१४ च्या निकालाच्या विरुद्ध जाते, असं ट्रान्स समाजातले अनेक जण तेव्हापासून सांगत आले. मला त्यांचं म्हणणं पटतं. याच कायद्यात ट्रान्स व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला कमाल दोन वर्षांची शिक्षा ठेवली. बाईवरच्या बलात्काराची शिक्षा किमान दहा वर्षांपासून सुरू होते, ती शेजारी ठेवून बघा. ही तफावत का, याला पटण्यासारखं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

(कुणाला अर्ज करायचा असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा समाजकल्याण कार्यालयात त्या दिवसाचा नियम विचारून घ्यावा. या विषयातले नियम बदलत राहतात. ओळखीच्या माणसाला दोन-तीन वर्षांपूर्वी काय लागलं यावर विसंबू नये.)

कोर्टकचेरीबाहेर गावंही बदलतायत. माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळनं २०१७ मध्ये तृतीयपंथी सरपंच निवडून दिला. बल्लारीकडच्या मंजम्मा जोगती, म्हणजे आपल्याच यल्लम्मा परंपरेतल्या कलावंत, कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२१ मध्ये पद्मश्री घ्यायला राष्ट्रपती भवनात गेल्या. तिथं त्यांनी राष्ट्रपतींची पदरानं दृष्ट काढली. जोगतीण करते तेच केलं, फक्त दार वेगळं होतं.

हा आजार आहे का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत लिंगओळखीचा हा वेगळेपणा मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला. यादीतून पार काढला नाही, याचं कारण व्यवहारी आहे. संप्रेरकं किंवा शस्त्रक्रिया हवी असेल तर डॉक्टरला काहीतरी नोंद करावी लागते.

आजार नाही म्हणजे त्रास नाही असं मात्र नव्हे. आरशातलं शरीर आपलं न वाटणं, वयात येताना आवाज फुटणं किंवा छाती भरणं हा रोजचा जाच वाटणं, याला डॉक्टर जेंडर डिस्फोरिया म्हणतात. त्यावर मदत असते : समुपदेशन, काहींना संप्रेरकं, काहींना शस्त्रक्रिया. सगळ्यांना सगळं लागत नाही. आणि ओळखच बदलून 'सरळ' करून देतो म्हणणारे उपचार? राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगानं २०२२ मध्ये ते डॉक्टरसाठी गैरवर्तन ठरवलं. अंगारे, उतारे आणि मारझोड हे त्याच दुकानातले जुने माल, फक्त त्यांना पदवी लागत नाही.

उद्या कुणीही उठून काहीही म्हणेल!

"आरक्षणासाठी, सवलतीसाठी उद्या गावातला गडी उठून मी बाई म्हणाला तर?" हा आक्षेप चेष्टेनं घेऊ नये. नोंदीचा गैरवापर जिथं फायदा असतो तिथं होतोच. जातीच्या खोट्या दाखल्यांची प्रकरणं आपण पाहिली आहेतच. पण इथं फायदा-तोट्याचा हिशेब मांडून बघा. दाखला घेतला की घरात कळणार, भावकीत कळणार, पोरीबाळींच्या सोयरिकीवर बोललं जाणार, खोली जाणार, कदाचित नोकरीही. बदल्यात काय मिळणार, तर मिळाली तर एखादी योजना. खोट्या प्रतिज्ञापत्राला शिक्षा आहेच.

महाराष्ट्रात तर उलट अडचण दिसली. खरा दावा असणाऱ्यांना साधा अर्ज भरता येत नव्हता. पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात तिसरा पर्यायच नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सरकारला धारेवर धरल्यावर तो आला आणि शारीरिक चाचणीचे निकष ठरवायची कबुली दिली गेली. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील यांचा महिला प्रभागातला ग्रामपंचायतीचा अर्ज तृतीयपंथी म्हणून बाद झाला. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं त्यांना स्त्री म्हणून लढायची परवानगी दिली, आणि त्या निवडून आल्या. राखीव प्रभागाचा प्रश्न गावातल्या मतदारांनी मतपेटीत सोडवला.

मग बायकांच्या जागांचं काय?

इथं मात्र सगळं गोड बोलून मिटत नाही. खेळ घ्या. ताकद आणि हाडापेराचा फरक खरा असतो हे कुस्तीच्या गावाला सांगायला नको. पुरुष म्हणून वयात आलेल्या शरीराला उंची, स्नायू, हाडांची घनता यांचा फायदा मिळतो आणि संप्रेरकं कमी केली तरी तो सगळा जात नाही. म्हणून जागतिक अॅथलेटिक्स संघटनेनं २०२३ मध्ये अशा ट्रान्स स्त्रियांना महिला गटातून बाहेर ठेवलं. २०२५ पासून तर महिला गटासाठी एसआरवाय जनुकाची चाचणीही आली. यात आंतरलिंगी खेळाडूंची परवड होते. तमिळनाडूच्या शांती सौंदराजन यांचं २००६ च्या आशियाई स्पर्धेतलं रौप्यपदक लिंगचाचणीनंतर काढून घेतलं गेलं, आणि एका धावपटूचं खासगी शरीर जगभर चघळलं गेलं. उच्च पातळीवरच्या स्पर्धेत गट शरीरावरून पाडावे लागतील, हे मला मान्य आहे. पण ऑलिंपिकच्या नियमावरून गंगावेशीतली खोली भाड्यानं नाकारणं, हे कुठलं तर्कशास्त्र?

स्वच्छतागृहाबद्दल बायकांना वाटणारी भीती पुरुषांबद्दलच्या अनुभवातून आलेली आहे. तिला अडाणीपणा म्हणून मोडीत काढू नये. त्याच वेळी साडी नेसलेल्या ट्रान्स बाईला सीबीएस स्टँडच्या पुरुषांच्या मुतारीत जायला सांगणं म्हणजे काय, हेही मनात आणून बघावं. कडी लागणारं दार, उजेड आणि पाणी असलेल्या एकेकट्या खोल्या बांधल्या तर वाद बराचसा मिटतो. त्या तशाही सगळ्यांनाच हव्या आहेत.

लहान पोरांच्या डोक्यात भरवतात!

भातुकली खेळणारा मुलगा ट्रान्स असेलच असं नाही. पँट-शर्टातली, केस कापलेली, तालमीत जाणारी मुलगीही नाही. पुष्कळ मुलं मोठेपणी फक्त जरा वेगळी माणसं होतात. काही मात्र वर्षानुवर्षं, ठामपणे, मारलं तरी तेच सांगत राहतात. आईबापांनी दोन्ही शक्यता उघड्या ठेवाव्यात. औषधांची घाई नको, याबाबत जगातही सावधपणा वाढला आहे. इंग्लंडनं २०२४ मध्ये अठरा वर्षांखालच्यांना वयात येणं लांबवणारी औषधं सरसकट देणं थांबवलं. पण घाई न करणं म्हणजे हाणणं नव्हे, आणि थांबणं म्हणजे घराबाहेर काढणंही नव्हे. २०१९ च्या कायद्यानं ट्रान्स असल्याच्या कारणावरून मुलाला आईबापांपासून तोडायला मनाई केली आणि घरात राहण्याचा हक्क दिला. कायदा घरापर्यंत पोचतो, घरातल्या जेवणाच्या ताटापर्यंत पोचत नाही. आपल्याकडं 'बायल्या' म्हणून चिडवत पोराची शाळा सुटते ती आठवी-नववीत. पुढचं सगळं तिथून सुरू होतं.

टाळ्या वाजवून पैसे मागतात त्याचं काय?

नववीत शाळा सुटली, सोळाव्या वर्षी घर सुटलं, दाखल्यावर एक नाव आणि अंगावर दुसरे कपडे. अशा माणसाला कोण कामावर घेतं? कागल एमआयडीसीचा ठेकेदार घेत नाही, गुजरीतला सराफ घेत नाही, धुणीभांड्याला घर मिळत नाही. उरतं ते जोगवा, बधाई (बाळ-लग्नाच्या घरी आशीर्वाद देऊन मिळणारे पैसे), सिग्नल आणि शरीरविक्रय. दमदाटी करून पैसे उकळणं हा गुन्हाच आहे, तो कुणीही केला तरी. तक्रार जरूर करावी. मात्र दुकानात टाळी वाजवणारी पाच माणसं दिसतात म्हणून सगळा समाज तसाच, हा निष्कर्ष चुकतो. गुपचूप डबा घेऊन कामावर जाणारा ट्रान्स माणूस दिसत नाही, कारण त्याला दिसायचंच नसतं. २०१८ मध्ये बीड जिल्ह्यातल्या एका महिला पोलीस शिपायाला राज्य सरकारनं शस्त्रक्रियेची परवानगी दिली आणि नंतर पुरुष शिपाई म्हणून नोकरीत ठेवलं. आधी रजा नाकारली होती, हेही खरं. पण नोकरी टिकली की माणूस बातमीतून उतरतो आणि संसाराला लागतो. लग्नाचा मार्गही बंद नाही. समलिंगी विवाहाला मान्यता नाकारणाऱ्या ऑक्टोबर २०२३ च्या निकालातच सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की ट्रान्स स्त्री आणि पुरुष, किंवा ट्रान्स पुरुष आणि स्त्री, यांना सध्याच्या विवाह कायद्यांखाली लग्न करता येतं.

हाक काय मारायची?

शेवटी लोक हेच विचारतात, आणि तेही आवाज खाली करून. ताई म्हणू की भाऊ? समोरच्यानं जे नाव सांगितलं त्या नावानं हाक मारायची. नाव आणि पेहराव बाईचा असेल तर ताई, अक्का. शंका असेल तर सरळ विचारावं, "तुम्हाला काय म्हणू?" यात कुणाचा अपमान होत नाही. जुनं नाव विचारू नये. "ऑपरेशन झालंय का?" हेही विचारू नये. आपण पाहुण्यांच्या हर्नियाबद्दल चहा पिताना विचारतो, ही आपली जुनी खोड, पण इथं ती आवरावी. तोंडातून चुकून 'आला' गेलं तर 'आली' म्हणून पुढं बोलत राहायचं. दहा वेळा माफी मागत बसलं, की आपली समजूत काढायचं काम त्या माणसाच्याच गळ्यात पडतं.